उलटी वेणी

“थांबीव ते, प्रज्ञा! मागं घे जरा!”

तानाबाई भर हॉलमध्ये उभी राहिली. पडद्यावर साठच्या दशकातली अमेरिकन पोरं केस वाढवून, गिटारी घेऊन घुमत होती आणि मागे रंगांचे भोवरे फिरत होते. सायकेडेलिक रॉकवरचा हा माहितीपट तिच्या नातीनेच, प्रज्ञाने, कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी आणला होता. आजी-आजोबांना तिने हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं होतं.

“गप बस की,” तिचा नवरा पिराजी कुजबुजला. “लोकं बघाय लागल्यात.”

“बघू देत. तुमीबी बघा. त्या गिटारवाल्याचा पाय बघा!”

प्रज्ञाने सीडी मागे घेऊन चित्र थांबवलं. पाय पडद्याएवढा झाला. पायात कोल्हापुरी चप्पल होती, आणि पट्ट्यावरची वेणी भलतीकडेच कललेली.

पिराजीचं तोंड उघडंच राहिलं.

तानाबाईशिवाय अख्ख्या कोल्हापुरात तशी वेणी कुणी घालत नव्हतं. तळ कापायचे, शिवायचे पुरुषांनी आणि चामड्याची वेणी घालायची घरातल्या बायकांनी, अशी ही रीत. तानाबाई डावरी, त्यामुळे तिच्या वेणीचे पदर उलटे पडायचे. नवी नवरी होती तेव्हाच सासऱ्याने तिचे जोड दुकानातून उचलले आणि परदेशी माल पाठवणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला देऊन टाकले. परदेशात कुणाला काय कळतंय, असं पिराजीही म्हणाला होता. चाळीस वर्षं झाली, तिचा एक जोड कधी दुकानाच्या दर्शनी फळीवर लागला नाही. हे दुखणं तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ते गेलंही नव्हतं.

“ही चप्पल माझ्या आजोबांच्या दुकानातली आहे!” प्रज्ञा माइकवर ओरडली. पोरांनी टाळ्या-शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. “आबा, बोला की काहीतरी!”

पिराजी छाती काढून उठला. गिऱ्हाइकासमोर ‘आमच्या हातचा माल’ म्हणायची त्याची जुनी सवय. आताही तेच तोंडात आलं होतं, पण बायकोकडे बघून तो थांबला.

“तळ माझा हाय,” तो म्हणाला. “पर तळ कोणबी करतंय. ही चप्पल वळखू आली ती हिच्या येणीमुळं. आमी येडी, त्या येणीला उलटी म्हणत बसलो. उद्यापास्नं फळीवर पयला जोड हिचा लागंल.”

आता टाळ्या थांबेनात. तानाबाईचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. पदराने डोळे पुसून ती सरळ पडद्यापाशी गेली आणि त्या पायाकडे कारागिराच्या नजरेने बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

“तळ झिजलाय बघा तुमचा,” ती म्हणाली. “येणी हाय तशी हाय.”