पुलाअलीकडचा दवाखाना

लोखंडी रॉड डॉक्टर अतुलच्या पाठीत बसला, तरी तो जागचा हलला नाही. हलता येणारच नव्हतं. मण्यार चावलेल्या सतरा वर्षांच्या पायलच्या तोंडावर मास्क धरून तो रबरी फुगा दाबत होता. फुगा दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली. तिचा स्वतःचा श्वास कधीच बंद पडला होता.

“दहा इंजेक्शनं लागते म्हणतं, अन् चारच देतं?” हरिसिंग ओरडला. हा पोरीचा बाप. पहाटे साप चावला, पैनगंगेला पूर, तेलंगणातल्या आदिलाबादकडं जाणारा पूल पाण्याखाली, म्हणून नाइलाजानं तो पोरीला इथं घेऊन आला होता. नाहीतर झरी तालुक्यातल्या या सरकारी दवाखान्यात मी थुंकायलाही आलो नसतो, असं त्यानं आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं होतं.

त्याच्या दोन भाच्यांनी औषधांचा फ्रिज आडवा पाडला. कुप्या फुटून लस फरशीवर वाहिली. गावातल्याच लेकरांना उद्या टोचायची लस ती, पण डोकं फिरलेल्या माणसांना कोण सांगणार!

दुसरा फटका अतुलच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फुगा हातातून सुटला आणि पायलची छाती थांबली. दीपा सिस्टरनं झेप घेऊन फुगा पकडला, दाबायला लागली.

“मारा, पाहिजे तेवढं मारा!” ती किंचाळली. “पण इकडं कोणी याल त पोरगी मरंल तुमची!”

अतुल भिंतीला टेकून खाली बसला. “बाकीची इंजेक्शनं घेऊन पांढरकवड्याहून गाडी निघाली आहे. तासभर लागेल.”

“तासभर! तिकडं यवतमाळले फ्रिज भरभरून औषधं असते. त्याइच्या पोरी त्या पोरी, अन् आमच्या काय ढोरं? आमच्यावर खर्च कराले सरकारच्या जिवावर येते. काहून? सांग, काहून!”

रॉड पुन्हा वर गेला. आता मात्र अतुललाही संताप आला. दोन वर्षं तो जास्तीची औषधं मागत होता आणि दोन वर्षं त्याला वरून एकच उत्तर येत होतं. तेच त्यानं हरिसिंगच्या तोंडावर फेकलं.

“जिथं जेवढे पेशंट येतात, तिथं तेवढाच खर्च करतात, काका! इथं आले तर त्यांची नोंद होणार, नोंद झाली तर पुढच्या वर्षी औषध येणार. मागच्या साली या सगळ्या भागातून साप चावलेले इथं किती आले, माहीत आहे? दोन!”

“दोन?” संतापानं हरिसिंगच्या तोंडाला फेस आला होता. “मले पागल समजतं काय बे, खोटारड्या? गेल्या साली एकवीस जणं त म्या एकट्यानं माह्या जीपमंदी आदिलाबादले नेले! इथं कायले मराले जाता म्हणून तुह्या याच गेटावरून वापस फिरवून नेले!”