बाबांची अंजिरं

अंजिरावरची जाळीची पिशवी पुन्हा रिकामी होती. गाठ मात्र नीट बांधलेली. पाखरं गाठी मारत नाहीत. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता, तोच त्यांच्या कुंड्यांतली पिकली फळं कोणीतरी नेत होतं. गच्चीची दुसरी किल्ली शेजारच्या खाडिलकरकाकूंकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली टाकीमागे दबा धरून बसली. काकूंनी डायना जातीचं अंजीर तोडलं आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीच्या डावीकडे बसून खाल्लं.

"भाऊ, डायना मधासारखं झालंय. कालचं पुणेरी पाणचट होतं. पाणी फार घालते हो तुमची लेक."

मधुमेहामुळे बाबांनी अंजीर कधीच चाखलं नव्हतं, तरी प्रत्येक जातीची चव ते अचूक सांगत.

शाल्मली पुढे आली.

"उजवीकडे बसा, काकू. डाव्या कानानं बाबांना ऐकू येत नाही."