चार कड्या खाली

प्रयोगशाळेत मी उंदरांना शेपटीने टांगते, मागचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून. त्याचा पगार मिळतो. रत्नागिरीला घरी आले, तर आमचे अण्णाही झोपाळ्यावर, पाय अधांतरी. आंब्यावरून पडून मोडलेला पाय कधीच जुळलाय, पण भीतीने टेकवत नाहीत. "उंदराला टांगून काय होतं गो?" त्यांनी विचारलं. "भार नसला की हाडातल्या पेशी हाड बांधायचं सोडून चरबी होतात. हाड ठिसूळ, आत लोणी." अण्णा पुढे झुकले. "आणि खाली सोडल्यावर?" "चालतो. हाड पुन्हा भरू लागतं." "गरीब बिचारा," म्हणत ते झुलत राहिले. दारातून ऐकणाऱ्या आईने दुपारी झोपाळा साखळीच्या चार कड्या खाली घेतला. संध्याकाळी अण्णांना उचलून बसवलं, तर तळवे जमिनीवर. "उंदराला विचारलंस तरी का?" अण्णा तावातावाने उठले आणि भिंत धरून आईकडे निघाले. आई एकेक पाऊल मागे सरकत राहिली. भांडण स्वयंपाकघरापर्यंत पुरलं.