चार बोटं कमी

मोजणीचे साहेब तिपाईवर यंत्र चढवू लागले, तसे मिस्त्री काठावरून दोन पावलं मागे सरकले. पोहण्याचा तलाव उपसून कोरडा केला होता. त्याची लांबी तपासा, असा अर्ज कोणीतरी क्रीडा मंडळाकडे केला होता. कोणी केला, ते मंडळ सांगायला तयार नव्हतं. मिस्त्रींनी आठवडाभर ओळखीपाळखीच्या प्रत्येकाकडे संशयाने बघून घेतलं होतं, अगदी दूधवाल्याकडेसुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी या तलावाची घड्याळाखालची भिंत त्यांनीच दुरुस्त केली होती. भिंतीला पोट आलं होतं. ती ओळंब्यात आणायला त्यांनी जुन्या टाइलवरच जाडजूड गिलावा चढवला आणि वर नवी टाइल बसवली. काम असं झालं की हात फिरवत राहावं. घराच्या भिंतीत चार बोटं इकडेतिकडे झाली तर कोणी फाशी देत नाही. तलावात मात्र बोटाबोटाला किंमत असते, हे मिस्त्रींच्या गावीही नव्हतं.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या लेकीने तिथे शंभर मीटर बॅकस्ट्रोकचा राष्ट्रीय विक्रम केला. पोरगी लहानपणापासून पाण्यात उताणीच. झोपायची सवय हिने पाण्यातही सोडली नाही, असं तिची आई म्हणायची. विक्रमामुळे पेपरात फोटो आला, नोकरी लागली, सत्कार झाला. त्या सत्कारातच एका पंचाने चहा पिता पिता सहज सांगितलं की तलाव लांबीला दोन बोटं जरी कमी भरला तरी त्यातला विक्रम रद्द होतो. मिस्त्री तसेच उठून तलावावर गेले. टेप लावला, परत एकदा लावला.

चार बोटं कमी. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

मग लेकीची ती नऊ वर्षं सुरू झाली. ती स्पर्धा जिंकायची, पदकं ठेवायला कपाट पुरेना, पण दुसऱ्या कुठल्याही तलावात ती वेळ काही येईना. दर वेळी सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा जास्तच लागायचा. लोक म्हणू लागले, एकदा चमकली आणि विझली. खांदा दोनदा कामातून गेला. तिच्या बरोबरीच्या मुली कधीच थांबल्या, संसाराला लागल्या, प्रशिक्षक झाल्या. आईने हात जोडले, बाई, आता पुरे कर. लेक एकच सांगायची, "एकदा दुसरीकडे ती वेळ काढते, मग थांबते."

हे ऐकलं की मिस्त्री ताटात मान घालत. आपल्या गिलाव्याने चोरलेल्या वेळेमागे पोर खांदे झिजवतेय आणि आपण समोर बसून पोळी खातोय. कितीदा तोंड उघडलं आणि मीठ मागून मिटलं. तिला कळलं तर ती आपलं तोंड पाहील का, एवढीच एक भीती त्यांना होती.

दीड महिन्यापूर्वी, परक्या शहरातल्या तलावात, एकतिसाव्या वर्षी, तिने ती वेळ मोडली. पाण्याबाहेर आली आणि म्हणाली, झालं, थांबले. मिस्त्री इतके रडले की शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यांना रुमाल दिला. सुटलो, असं त्यांना वाटलं होतं. आणि आता हा अर्ज उपटला होता.

सकाळी निघताना त्यांनी लेकीला विचारलं, येतेस का. ती खांदा शेकत बसली होती.

"तुम्ही जा बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच असायला हवं तिथे."

साहेबांनी तीनदा मोजलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि वर पाहिलं.

"सात सेंटिमीटर कमी आहे."

मिस्त्रींनी टोपी काढली. "ती भिंत मी केली, साहेब. कमी आहे हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे. काय शिक्षा असेल ती मला करा. फक्त माझ्या पोरीला कळू देऊ नका."

साहेबांनी त्यांना आधी खाली बसवलं. शिक्षेचा प्रश्नच नाही, असं सांगितलं. जुन्या विक्रमावर काट मारली जाईल, पण तो तसाही मोडलेला आहे. नवा विक्रम झाला तो तलाव बरोबर पन्नास मीटर भरला आहे, त्याला कोणी हात लावत नाही. नोकरीला तर बाकीची पदकंच पुरेशी आहेत.

मिस्त्री कोरड्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसून राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. त्यांना चक्क हसू आलं. आता घरी जाऊन आपणच तिला सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. रागावली तर रागावू दे, चार दिवस बोलली नाही तर नाही.

साहेब यंत्र पेटीत भरत म्हणाले, "मोजणी झाली, आता अर्ज दाखवायला हरकत नाही. त्यात तुमच्याबद्दलही लिहिलंय." त्यांनी पाकिटासकट कागद पुढे केला. मिस्त्रींनी चष्मा लावला.

'बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. भिंतीच्या थोडं आधी दोरीवर बांधलेल्या पताका डोक्यावरून गेल्या की हात मोजायचे आणि भिंत गाठायची. या तलावात शेवटचा हात पुरा होण्याआधीच मला भिंत लागते. नवी टाइल बसल्यापासून लागते. कृपया तलाव मोजावा. मिस्त्रींनी काम मन लावून केलं आहे, त्यांना दोष देऊ नये.'

खाली लेकीची सही होती. सहीखाली तारीख होती नऊ वर्षांपूर्वीची, पहिल्या विक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची. पाकिटावरचा टपालाचा शिक्का मात्र दीड महिन्यापूर्वीचा होता.