एकशेदहा अंशांची कोंबडी

निवृत्तीनंतर दामोदरने चौलच्या वाडीत लोखंडी ड्रममध्ये धुरावर कोंबडी शिजवायचा घाट घातला. तापमान एकशेदहा अंशांवर राहावं म्हणून त्याने कंट्रोलरही स्वतःच बनवला. झाकणातला सेन्सर गार पडला की जुन्या कॉम्प्युटरचा पंखा निखारे फुलवणार. "व्याह्यांसमोर फजिती झाली, तर सगळं भंगारात," बायकोने बजावलं. सकाळभर आकडा हलला नाही. दामोदर ऐटीत व्याह्यांना आणायला रेवदंड्याला गेला. इकडे त्याच्या सासूबाईंनी, जन्मभर जाळात शिजणाऱ्या पोपटीच्या मडक्यावर मारत आल्या तसा, शिजलं का बघायला झाकणावर पाण्याचा हबका मारला. चर्र आवाज आला नाही, म्हणजे कच्चं. त्या पाणी मारत राहिल्या, पंखा फुंकत राहिला. दामोदर परतला तेव्हा कोंबडीचा कोळसा झालेला. "चर्र झालं तवाच थांबले, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "यंत्र चुकलं नाही!" तो व्याह्यांना ठासून म्हणाला. सासूबाई मागून म्हणाल्या, "मग कोंबडीच चुकली असंल."