तुमचं मुरूड

"मुरूड सोडून कुठलंबी धरा," सोपानआबा म्हणाले आणि दोडक्याच्या रिकाम्या क्रेटवर बसले.

सांगवीच्या घरात रविवारच्या सहलीची बैठक भरली होती. पहाटे निघायचं, समुद्र बघायचा, रात्री घरी. सोमवारी दोडक्याचा तोडा होता, त्यामुळं मुक्काम नाही. नात राजनंदिनी मोबाइलवर एकेक किनारा काढून दाखवत होती. मुलगा विशाल गाडी चालवणार होता, तो नुसते किलोमीटर विचारत होता.

"दिवेआगर करू," आबा म्हणाले. "न्हायतर अलिबाग."

"आबा, जन्मभर मुरूडच्या गोष्टी सांगितल्या तुम्ही," राजनंदिनी म्हणाली. "आता दाखवायची वेळ आली तर अलिबाग?"

गोष्टी सांगितल्या होत्या, हे खरंच. तरणे असताना आबा बापाशी भांडून, बायको आणि तान्हं पोर मागं ठेवून घरातनं गेले, ते दोन वर्षांनी परतले. मधे एका ट्रकवाल्याकडं निरोप तेवढा धाडला होता. मुरूडला मच्छीच्या बोटीवर हाय, खुशाल हाय. परतल्यावर त्यांनी तोच निरोप फुगवला. कारखान्याच्या चिमणीएवढी लाट, माणसाएवढा मासा, वादळातली रात्र. चाळीस वर्षं गाव ऐकत होतं.

आबांनी समुद्र पाहिलाच नव्हता. ती दोन वर्षं त्यांनी कोल्हापुरात एका हॉटेलात कपबश्या विसळल्या होत्या. बापाला तोऱ्यात 'बघाच आता' म्हणून गेलेल्या माणसानं हे घरी सांगायचं कसं? तेव्हा लाज वाटली म्हणून थाप मारली आणि पुढं ती थाप सांभाळायची सवय लागली. आता ती नातीच्या देखत उघडी पडली, तर आबांना घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"तिकडचा रस्ता लई खराब हाय," ते म्हणाले.

"आता चांगला झालाय," विशाल म्हणाला.

"गर्दी असती."

"दिवेआगरला काय कमी असती व्हय?"

"मुरूडच," रतनआजी म्हणाल्या. त्या भिंतीकडंला मेथी निवडत होत्या. मान काही वर केली नाही. "मला तुमचं मुरूड बघायचंय."

आबांनी बायकोकडं पाहिलं. या बाईनं आजवर साधं पंढरपूर की जेजुरी असंही कधी ठरवलं नव्हतं, ती एकदम मुरूडवर अडून बसली.

"अगं, तितं माझ्या वळखीचं कोण ऱ्हायलंय आता?"

"नसंना का. मला जायचंय."

आबांनी चार दिवस खटपट केली. गुडघा दुखतो म्हणाले, तर आजींनी तेलाची बाटली पिशवीत टाकली. एवढ्या लांब गाडी नको म्हणाले, तर विशालनं नवे टायर टाकून आणले. शेवटी आबांनी मनाशी ठरवलं, जायचं आणि निभवायचं. चाळीस वर्षांत सगळं बदललं म्हणायचं, जुनी माणसं वारली म्हणायचं. कोण विचारायला येतंय?

निघताना आजींनी गाडीत एक गाठोडं ठेवलं. राजनंदिनीनं ते चाचपून बघितलं. नवंकोरं लुगडं, खण, नारळ आणि गुळाची ढेप.

"आज्जी, हे कशाला?"

"वटी भरायची."

"समुद्राची? एवढा गूळ?"

"लई मोठा हाय त्यो," आजी म्हणाल्या, आणि सगळे हसले.

आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून वाटेतली प्रत्येक पाटी नातीनं वाचून दाखवली. मुरूड जवळ आलं तशी तिला डुलकी लागली. पुढं एका चौकात विशाल घुटमळला.

"देवळापासनं डावीकडं घे," आजी म्हणाल्या.

त्यानं घेतलं. समोर समुद्र आला. चहाला थांबलो तिथं हिनं कुणाला तरी विचारलं असणार, असं आबांना वाटलं.

ओहोटी होती. पाणी पार लांब गेलं होतं आणि सगळीकडं ओला चिखल चमकत होता. आबा कितीतरी वेळ बघत राहिले. "आवर्तन बंद केलंय वाटतं," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आबा, हा काय आपला कॅनॉल हाय?" राजनंदिनी म्हणाली. "ओहोटी आहे ही."

"तेच म्हणतोय मी. वहोटी."

आबांनी गाडीकडं पाहिलं. आता लवकर जेवावं आणि निघावं. पण रतनआजी गाठोडं काखेला मारून कोळीवाड्याकडं चालू लागल्या होत्या.

"अगं, समुद्र हिकडं हाय."

आजी थांबल्या नाहीत. सगळे मागं मागं गेले. तिसऱ्या गल्लीत एका दारात एक थकलेली कोळीण सुकट निवडत बसली होती. आजी तिच्यापुढं खाली बसल्या आणि तिच्या ओटीत लुगडं, खण, नारळ आणि गूळ घातला. म्हातारी नुसती बघतच राहिली. आजींनी पदर सरकवून हनुवटीवरचं गोंदण तिच्या नजरेपुढं धरलं.

आबा मागं सरले, पण नातीनं त्यांचा हात धरून म्हातारीपुढं ओढलं.

"आजी, हे आमचे आबा. दोन वर्षं इथंच बोटीवर होते. ओळखलं का?"

आबांनी टोपी खाली ओढली. म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं.

"ह्याला? न्हाय बाय. ह्याला कधीच बघितला नाय."

मग तिनं विशालकडं पाहिलं, पुन्हा आजींच्या गोंदणाकडं पाहिलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"कडेवर पोर घेऊन आठ दिस माझ्या घरी ऱ्हायलीस, बोटी-बोटी हिंडून ज्याला हुडकत व्हतीस, तो ह्योच काय गो? मग कुठं गावला शेवटी?"