पाय लागला

लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर जड बॉल घरंगळत सोडायचे. छोट्या पांढऱ्या बॉलच्या सगळ्यात जवळ ज्याचा, तो जिंकला. रिटायर होऊन माझ्याकडे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आलेल्या बाबांना या खेळाचं असं वेड लागलं की ते थेट क्लबच्या फायनलला पोचले.

शेवटच्या डावात बाबांचा बॉल आणि समोरच्या केनचा बॉल जवळजवळ सारख्याच अंतरावर होते. दोघं निरखायला पुढे गेले, तेव्हा बाबांचा केसभर जवळ दिसला आणि बाबा एकदम वाकले. बॉलला हात लावून त्यांनी तोच हात कपाळाला टेकवला.

"हे काय केलं त्यांनी?" केननं मला विचारलं.

"काही नाही, सवय आहे त्यांची," मी घाईघाईनं म्हणाले.

"पाय लागला," बाबा म्हणाले. "बॉल पुढे सरकला."

नियमाप्रमाणे केननं बॉल बोटभर मागे ठेवला. बाबा हरले.

"अहो बाबा, कुणी बघितलंसुद्धा नव्हतं!" मी मराठीतून ओरडलेच.

केन आम्हाला क्लबात घेऊन गेला. भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीच्या एका टोपीवाल्या खेळाडूचा फोटो होता.

"हा न्यूझीलंडकडून पार इंग्लंडला जाऊन खेळला. ढिगानं मॅच जिंकला. पण आम्ही फोटो लावलाय तो हरलेल्या मॅचचा."

"हरला कसा?" बाबांनी विचारलं.

"त्याचा बूट बॉलला लागला होता," केन म्हणाला. "कुणी बघितलंसुद्धा नव्हतं."